सतरा नंबरचा फॉर्म आणि माझ्या वर्गमैत्रिणी



आपल्या त्रैमासिकाचं संपादकीय आळीपाळीनं लिहायचं, हे पहिल्या अंकापासून ठरलेलं आहे. माझी पाळी आजवर दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी ती दुसरीच्या गळ्यात घातली. लिहिणं हे शिकलेल्या बायांचं काम, आपण पाकिटांवर पत्ते लिहावेत, वर्गणीचा हिशोब ठेवावा, अशी माझी समजूत. यंदा सबब उरली नाही. ५ मे २०२५ला बारावीचा निकाल लागला आणि मी ५७ टक्क्यांनी पास झाले. कचेरीत पेढे वाटले तेव्हाच सगळ्या म्हणाल्या, "आता हा अंक तुझा."

दहावीची परीक्षा मी मार्च १९९४मध्ये दिली. मे महिन्यात लग्न झालं. निकाल सासरी कळला, तोही धाकट्या भावानं शाळेत जाऊन बघितला म्हणून. वय सोळा. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं तेव्हाही अठराच होतं, पण मांडवात कायदा विचारणारं कुणी नव्हतं. माझ्याविषयी एवढं पुरे. मला लिहायचंय ते माझ्या वर्गातल्या पोरींविषयी.

कॉलेजात न जाता परीक्षेला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या बाईला या फॉर्मवर थेट बारावीला बसता येतं, अकरावी करावी लागत नाही. पुष्कळ जणींना हे ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. फॉर्म भरला की एक कनिष्ठ महाविद्यालय नेमून मिळतं आणि प्रकल्प, तोंडी परीक्षा, हॉलतिकीट सगळं तिथून होतं. मला बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातलंच मिळालं. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी पहिल्या दिवशी वर्गात गेले तर पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं नवीन मॅडम आल्या. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा जे हसू फुटलं, ते आठवलं की आजही मला हसू येतं.

प्रकल्प गावातल्या हातपंपांचा होता. पाच पोरी आणि मी असा आमचा गट पडला. उन्हातान्हात हिंडून आम्ही चालू किती, बंद किती, पाणी कुठली जात आधी भरते, हेही मोजलं. (शेवटचा रकाना सरांनी खोडायला लावला.) या हिंडण्यात "काकू, तुम्ही" ची "मावशे, तू" झाले. मग त्या संध्याकाळी आपल्या कचेरीच्या मागच्या खोलीत अभ्यासाला येऊ लागल्या. सहा महिने आम्ही एका सतरंजीवर बसून राज्यशास्त्र घोकलं, एका डब्यातलं खाल्लं. त्यांची नावं मी देत नाही. गाव लहान आहे आणि सध्या प्रत्येकीच्या घरी तिच्यावरून काही ना काही बोलणं चालू आहे. त्यात आपल्या अंकानं भर घालायला नको.

पहिली आमची पळणारी. पहाटे पाचला बायपासच्या रस्त्यावर पळते. मागून आजी, हातात काठी, ती कुत्र्यांसाठी की माणसांसाठी हे आजीला विचारलं तर म्हणते, "जे आधी येईल त्याच्यासाठी." हिला पोलीस भरती करायची आहे. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मिळून ५० गुण मैदानाचे, १०० लेखीचे, हे तिला तोंडपाठ. अडचण एकच. मुलींना उंची १५५ सेंटिमीटर लागते आणि हिची १५४ भरते. आमच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, दर रविवारी एक. लिंबाच्या फांदीला लोंबकळून झालं, दोरीवरच्या उड्या झाल्या. एकदा केस वर बांधून आली आणि खूण वर गेली म्हणून नाचली. आम्ही केस सोडायला लावले. बी.ए.ला प्रवेश तिनं घेतलाय, पण का, ते तिच्याच शब्दांत ऐका: "घरी बसले तर भरती निघेपर्यंत लग्न निघंल. कॉलेजात नाव असलं की म्हनता येतं, शिकती अजून." बी.ए.चा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. पण आमच्याकडच्या कितीतरी पोरी नेमक्या याच उपयोगासाठी बी.ए. करतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

दुसरी दहावीपर्यंत उर्दू शाळेत होती. अकरावीला मराठी माध्यमात आली तेव्हा जोडाक्षरं लिहिताना घाम फुटायचा, असं ती सांगते. बारावीला वर्गात मराठीला सगळ्यांत जास्त गुण तिचे. तिचं अक्षर बघून मला माझी लाज वाटते. अब्बा शिंपी आहेत. आम्हा सहा जणींना त्यांनी हॉलतिकीट, पट्टी, पेन राहील अशा कापडी पिशव्या शिवून दिल्या, प्रत्येकीच्या पिशवीला वेगळ्या रंगाची किनार, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. माझी हिरवी. हिला डी.एल.एड. करून शिक्षिका व्हायचंय, तेही मराठी शाळेत. नातेवाईक अब्बांना म्हणतात, मुलगी इतकी शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा आणणार कुठून? त्यांनी मशीन न थांबवता उत्तर दिलं, "मग मुलांना शिकवा." डी.एल.एड.चं विद्यालय बसनं तासाभरावर आहे. पाच वाजता सुटलं तर साडेपाचची गाडी मिळते, ती चुकली की पुढची रात्री आठला. अब्बांना शिक्षणाची धास्ती नाही, त्या अडीच तासांची आहे.

तिसरीनं मला एक धडा दिला. ही इंग्रजीत राहिली, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसणार आहे. तिला त्याचं फारसं दुःख नाही. तिला ब्यूटी पार्लरचा कोर्स करायचाय. हे ऐकल्यावर माझं तोंड वाकडं झालं. आपण शिबिरांतून इतकी वर्षं बोलत आलोय ना, बाईचं शरीर, सौंदर्याची बाजारपेठ वगैरे. तेच मी तिला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशे, पार्लरात गडीमानूस येत नाही. दुकान घरातच टाकता येतं. सासरला गेले तरी कैची-धागा संगं नेता येतो. तुझ्या बी.ए.नं यातलं काय होतंय?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. इंग्रजीचा पेपर मात्र सोडवून घेतेय तिच्याकडून, रोज एक उतारा.

चौथी वकील होणार, आणि ही होणारच, कारण ती आत्ताच अर्धी आहे. ८४ टक्के मिळाले. घर खातंपितं, बारा एकर जमीन, विहीर. भावाला दोन वर्षं लातूरला नीटच्या शिकवणीला ठेवलं, खोली, खानावळ, टेस्ट सीरिज, सगळं. त्याचा नंबर लागला नाही, आता तिसरं वर्षही तिथंच. हिनं बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉसाठी सीईटी दिली, छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणते. वडील म्हणाले, मुलीला एवढ्या लांब ठेवणार नाही, इथंच बी.ए. कर, मग बघू. जेवताना हिनं ताटावरच सांगितलं, "माझ्या वाटणीचं एकर विका आणि मला शिकवा. बाकीचं दादाला ठेवा." आठ दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

हे वाटणीचं तिला कुठून कळलं? माझ्याकडूनच, एका परीनं. राज्यशास्त्र घोकताना एकदा विषय निघाला. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, २२ जूनपासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझं लग्न मे १९९४चं. महिन्याभरानं हुकलं, असं मी वर्षानुवर्षं शिबिरांत हसून सांगत आले. या पोरीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझी शिकवणी घेतली. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती लग्नाची अट राहिली नाही. वडील तेव्हा हयात होते की नव्हते याचाही प्रश्न उरला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये दिला. रीतसर वाटणी आधीच झालेली नसेल तर माझा हक्क आहे. बायकांच्या चळवळीत मी वीस वर्षं काढली आणि माझ्याच सात-बाऱ्याची गोष्ट मला एका अठरा वर्षांच्या पोरीनं सांगितली! भावाशी अजून बोलले नाही. बोलेन.

आता थोडं फीविषयी. राज्यात यंदा बारावीला मुली ९४.५८ टक्के पास झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. दरवर्षी मुलींची बाजी, दरवर्षी पेपरात तोच फोटो, उड्या मारणाऱ्या पोरींचा. जुलै २०२४मध्ये शासनानं निर्णय काढला की व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय पद्धतीनं प्रवेश मिळालेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मी माफ होती. निर्णय चांगला आहे. तो गावोगाव सांगायला हवा आणि आपण सांगतोही आहोत. पण या पाच घरांत मी जी बोलणी ऐकली त्यांत फीचा आकडा सगळ्यांत शेवटी निघाला. पहिला प्रश्न प्रत्येक घरात एकच होता, "परत किती वाजता येणार?" आणि लांबचं असेल तर, "राहणार कुठं, कुणाच्या भरवशावर?"

बारावीपर्यंत मुलीला एस.टी.चा पास फुकट आहे, मानव विकासची निळी बस गावात येते. बारावी झाली की फुकटचा पास संपतो आणि निळी बस तिच्यासाठी थांबत नाही. पुढं सवलतीचा पास मिळतो, मार्च २०२३पासून बायांना तिकीटही अर्धं झालंय, पण जी गाडी संध्याकाळी सुटतच नाही तिचं अर्धं तिकीट काढून करायचं काय? वसतिगृहांचंही तसंच. जागा थोडक्या, याद्या उशिरा लागतात, आणि यादी लागेपर्यंतचे दोन-तीन महिने पोरीनं कुठं काढायचे हे कुणी सांगत नाही. मुलगा असेल तर चौघं मिळून खोली करतात, कुणाच्या दुकानात झोपतात. पोरीचं कॉलेज त्या दोन-तीन महिन्यांत सुटतं. पुढं विचारलं तर घरचे सांगतात, तिलाच आवड नव्हती.

आता पाचवी. हिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गाडी भरून निघतात, कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे हिच्या प्रकल्पाला, सराव परीक्षेला, बोर्डाच्या पेपराला घरात मोठं माणूस कोण, तर डोळ्यांनी कमी दिसणारी आजी. दोन धाकटे भाऊ. पहाटे स्वयंपाक, भावांचे डबे, पाणी, मग कॉलेज. अभ्यासिकेत सगळ्यांत उशिरा यायची आणि पहिल्या पंधरा मिनिटांत बसल्या जागी झोपायची. आम्ही आवाज बारीक करायचो. पंधरा मिनिटांनी आपली आपण उठून म्हणायची, "कुठवर आलात?" आणि आमच्या पुढं निघून जायची. तिला ७१ टक्के पडले. कधी रडताना बघितली नाही. एकदाच, अर्थशास्त्राच्या पेपराच्या आदल्या रात्री, फोनवर आईशी बोलताना पाठमोरी उभी होती आणि खांदे हलत होते. वळली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

हिला नर्स व्हायचंय. कॉलेजात कुणीतरी सांगून टाकलं होतं की आर्ट्सवाल्यांना नर्सिंग मिळत नाही. हे अर्धंच खरं. बी.एस्सी. नर्सिंगला सायन्स लागतं, पण तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला कुठलीही शाखा चालते, बारावीला इंग्रजी आणि एकूण ४० टक्के हवेत. वयाची सतरा वर्षं पुरी हवीत, ती आहेत. तिनं नर्सिंग का निवडलं याचं कारण तिनं लपवलं नाही. "तिथं होस्टेल असतंय." सेवेची आवड वगैरे नंतर. पण आजीच्या पायाची जखम दोन महिने रोज धुऊन तिनं बरी केली, हे मी बघितलेलं आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, म्हणून पोरांची लग्नं लवकर होतात. पोरीच्या आईबापांची अडचण वेगळी. वयात आलेली पोर सहा महिने गावात एकटी ठेवायची भीती, फडावर नेली तर कोपीला दार नाही. दोन्हीला उत्तर एकच सापडतं. बालविवाहाविरुद्ध आपण मोर्चे काढले, ग्रामसेवकाकडे तक्रारी केल्या, मांडव अडवले. लग्नाचं वय एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत आलं आणि २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळलं. मला विचाराल तर त्या विधेयकापेक्षा या पोरीला नोव्हेंबर ते एप्रिल राहायला एक दार असलेली खोली जास्त कामाची. २०२१मध्येच शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. तशी वसतिगृहं गरज आहे तिथं तिथं उभी राहिली पाहिजेत, मुलींसाठी आधी.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा ठेवता ठेवताच सांगून टाकलं, "लाडक्या बहिणीचे माझे पंधराशे येतेत, ते हिच्या खानावळीला. त्याला कुनी हात लावायचा न्हाई." सरकारनं ते पैसे कशासाठी दिले असतील ते असोत. वडील बाजेवर बसून होते, शेवटी बोलले. "ताई, मी काय शिक्षनाच्या विरोधात न्हाई. पर आमी चार जिल्हे पल्याड ऊस तोडत असतो. हितं रात्री-बेरात्री कायी झालं तर तुमी जानार का?"

मैत्रिणींनो, वसतिगृहाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, स्थानिक पालक. नाव, पत्ता, फोन, सही. अंबाजोगाई, लातूर, बीड, संभाजीनगर, पुण्याला आपल्या कितीतरी वर्गणीदार आहेत. पोरीच्या त्या रकान्यात आपलं नाव द्यायची, आजारपणात जायची, यादी लागेपर्यंत दोन महिने घरात एक गादी टाकायची जिची तयारी असेल तिनं कचेरीला पत्र टाकावं. आपल्या घरच्यांना विचारून टाकावं, नंतर माघार नको. पळणारीला पुण्यात भरतीच्या दिवशी रात्री थांबायला जागा हवी, वकिलीणबाईंना घरी मानलं तर संभाजीनगरला. शिक्षिकेला विद्यालयाच्या गावात फक्त साडेपाच ते आठ बसायला एखादं घर हवं. तिचा चहा तिचे अब्बा पिशव्या शिवून फेडतील.

माझा बेत विचाराल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालतेय. त्याला बस लागत नाही.

त्या दिवशी वडिलांना मी म्हटलं, जाईन. त्यांनी खडू मागवला आणि माझा नंबर भिंतीवर, आजीला दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. फॉर्मवर मात्र सही केली नाही, विचार करतो म्हणाले. पोरीला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतात. परवाच्या रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते, पावसानं आले नाहीत. या रविवारी येणार आहेत. आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघी फॉर्म घेऊन पुन्हा चाललोय. अंक छापायला द्यायची तारीख शुक्रवारची आहे.